शकुंतलेच्या रुळांलगत: मूर्तिजापूर ते आर्वी

मंगळवार, मूर्तिजापूर

अकोला सोडून गाडी बडनेऱ्याकडे निघाली की वाटेत मूर्तिजापूर लागतं. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरचं हे स्टेशन बहुतेकांनी खिडकीतूनच पाहिलेलं असतं. वऱ्हाडातला कापूस मुंबईला कसा पोचत होता हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्यानं मात्र इथं उतरावं. मोठ्या लाईनच्या बाजूलाच अडीच फुटी रूळ आहेत. त्यांचा एक फाटा कारंजा, दारव्हा करत ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला जातो. दुसरा उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत ७६ किलोमीटरवरच्या अचलपूरला. पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा तिसरा तुकडा या दोघांपासून तुटलेला, तिकडे वर्धा जिल्ह्यात. तिन्हींची मालक एकच, सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी. मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनं ती १९१० साली काढली. कंपनीचं नाव इथं कुणाच्या तोंडी नाही. शकुंतला म्हटलं की ही छोटी गाडी लहान पोरालाही कळते.

येण्यासाठी वेचणीचे दिवस मुद्दाम निवडले. ज्या मालासाठी ही लाईन टाकली, तो माल आज कोणत्या वाटेनं जातो तेही बघायचं होतं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती पूर्णेच्या खोऱ्यातून सरळ पूर्वेला गेली आणि कापसाच्या जुन्या पेठा दोन्ही बाजूंना लांब राहिल्या. खामगावला १८७० साली जलंबहून फाटा मिळाला, अमरावतीला १८७१ साली बडनेऱ्याहून. कारंजा, यवतमाळ, अचलपूर यांना आणखी चाळीसेक वर्षं थांबावं लागलं. तोवर माल बंडीतून यायचा. काळ्या मातीतली वाट पावसाळ्यात बंद, पुढेही कितीतरी दिवस चिखल. वेचलेला कापूस स्टेशनापर्यंत नेणं हीच मोठी मोहीम असायची. कंपनीनं नेमकी ही अडचण हेरली. अरुंद रूळ, हलकी इंजिनं, साधी स्टेशनं, म्हणजे भांडवल कमी, आणि माल तर ठरलेलाच.

ठेच मात्र इथंच, मूर्तिजापूरला होती. अडीच फुटी लाईनीची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, साडेपाच फुटी लाईनीवर जाऊ शकत नाही. यवतमाळहून आलेली दाबून बांधलेल्या कापसाची प्रत्येक गठाण इथं उतरायची आणि मोठ्या वाघिणीत चढायची. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव खंडीवर बोलला जातो. ती जुनी खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे दोन गठाणींची. एका गठाणीचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. ती अंगाखांद्यावर घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यायची, तीही अख्खा हंगाम.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर पंच्याहत्तरीचे एक काका भेटले. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनीही याच धक्क्यावर हमाली केलेली.

"गठाणी उचलल्या का काका तुम्ही?"

"हाव नं भाऊ. आकडा टाकाचा अन् दोघायनं ओढाची. गाडी लागली का रातभर जागं राहाव लागे. आमच्या बापाच्या वेळी तं पाय ठेवाले जागा नसे इथं."

"मग बंद कसं झालं?"

"बंद नाही झालं. कमी कमी होत गेलं. कोन्या दिवशी शेवटची गठाण उचलली, आता याद बी नाही."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. प्रवासी गाडी थांबली तेव्हा आंदोलनं झाली, बातम्या आल्या. माल थांबला त्याची तारीख धक्क्यावरच्या हमालालाही आठवत नाही. या लाईनीचं आयुष्य तर मालावर होतं.

बुधवार, कारंजा

सकाळची एसटी. रस्ता कधी रुळांजवळून जातो, कधी लांबून. विळेगाव, भडशिवणी ही स्टेशनं होती, आजही गावं आहेत. रस्ता ओलांडताना रूळ डांबराखाली जातात आणि पलीकडे बाभळीत शिरतात. दोन्हीकडे पऱ्हाटी पांढरी झालेली, बाया ओळीनं वेचत होत्या. मधल्या ओळीत तूर.

कारंजा लाड हे जुनं श्रीमंत गाव. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येतात. दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरं इथं आहेत. गावात एवढी मंदिरं आणि एवढे वाडे उभे राहिले, त्यामागे व्यापार होता. रेल्वे आली तेव्हा कारंज्याचा व्यापार आधीच मोठा होता. रेल्वेनं तो मोठ्या लाईनीला जोडला, एवढंच.

दुपारी एका जिनात गेलो. कापूस आत येतो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. शंभर किलो कापसातून ढोबळमानानं एक तृतीयांश रुई, बाकी सरकी. रुई प्रेसमध्ये दाबली की गठाण. आवाज इतका की बोलणं अशक्य, हवेत तंतू तरंगताहेत. बायकांनी तोंडाला पदर बांधलेले. फाटकाशी ट्रक उभा होता, गठाणी थेट त्यात चढत होत्या. तो ट्रक इथून सुटला की गिरणीच्या दारात उभा राहणार. मध्ये उतरवणं नाही, चढवणं नाही, वाघीण कधी मिळेल याची वाट बघणं नाही. मूर्तिजापूरच्या काकांची सगळी मेहनत या एका ट्रकानं अनावश्यक करून टाकली. ट्रक स्वस्त होता असं सगळे म्हणतात. भाड्यात तो नेहमीच स्वस्त होता असं मला वाटत नाही. तो दारातून दारापर्यंत जायचा, यात खरा फरक पडला.

याच ठिकाणी एक समज तपासून घ्यायला हवा. शकुंतलेबद्दल कुणीही बोललं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी इंग्रजांनी ही लाईन टाकली. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या वर्षांत मँचेस्टरच्या लँकेशायर परगण्याला कापूस मिळेना आणि त्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले, हे खरंच आहे. पण आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस तिथल्या गिरण्यांना मनापासून कधी आवडला नाही. आणि ही लाईन आली १९१०च्या दशकात. तोपर्यंत हिंदुस्थानच्या कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जपान होतं, शिवाय खुद्द मुंबईच्या गिरण्या होत्या. राली आणि व्होल्कार्ट या युरोपीय पेढ्यांच्या जोडीला जपानी कंपन्याही कापूस खरेदीत उतरल्या होत्या. कारंज्याची गठाण मूर्तिजापूरमार्गे मुंबई बंदरातून ओसाकाकडे जाण्याची शक्यता मँचेस्टरला जाण्यापेक्षा जास्त होती. मँचेस्टरहून इकडे आलं ते इंजिन.

गुरुवार, दारव्हा आणि यवतमाळ

दारव्ह्याच्या स्टेशनाचं नाव मोतीबाग. एवढं देखणं नाव या अख्ख्या लाईनीवर दुसरं नाही. इमारत लहानशी. गावकऱ्यांना गाडीची वेळ अजून पाठ आहे. गाडी वेळेवर येत नसे हेही ते हसत सांगतात.

माल आटल्यावरची गाडी कशी होती ते इथं नीट कळलं. स्टेशनांवर माणसंच उरली नव्हती, त्यामुळे गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. तिकीट एसटीच्या मानानं अगदीच कमी. वेग इतका की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता यायचं, असं सांगणारे गावोगाव भेटतात. भाजीचं टोपलं घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाया, माहेरी निघालेल्या पोरी, मजूर, शाळकरी मुलं असे लोक तिच्यात बसत. ज्यांना घाई होती आणि ज्यांच्याकडे पैसे होते, ते केव्हाच एसटीत आणि जीपमध्ये गेले होते.

मला यात शकुंतलेची सगळी कहाणी दिसते. लाईन टाकली गठाणीसाठी. माणूस हा जोडीला बसणारा. गठाण गेली आणि जोडीचा माणूस तेवढा उरला. तोही असा, की ज्याच्या तिकिटातून डिझेलचासुद्धा खर्च निघू नये. मग हिशेबाच्या वहीत ती तोट्यातली लाईन झाली. मोतीबागच्या बाईला वही कुठली दिसणार? तिला एवढंच कळतं की पाच-दहा रुपयांत बाजार होत होता, तो आता होत नाही.

लाडखेड मागे पडल्यावर चढ जाणवू लागतो. यवतमाळ उंचावर आहे, हवाही बदलते. शहरात शिरताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, बहुतेक ट्रॅक्टर आणि छोटे टेम्पो. बंडी एखादीच.

संध्याकाळी एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. त्यांनी एकाधिकार खरेदीचे दिवस सांगितले. १९७२ साली राज्य सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्यानं कापूस फक्त पणन महासंघाच्या केंद्रावर घालायचा. व्यापाऱ्याच्या हातून सुटका, हमीभावाची खात्री, असा हेतू. सुरुवातीला लोकांना त्याचा आधार वाटला. पुढे चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, लांबले, तोटा वाढला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला. या सगळ्या वर्षांत रस्ते सुधारत गेले, ट्रक वाढत गेले आणि छोट्या लाईनीचा कापूस तिच्या हातून निसटला. नंतरचं यवतमाळ साऱ्या देशाला ठाऊक आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भासाठी पॅकेज जाहीर केलं ते इथल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. सर म्हणाले, "त्या दिवसांत आमची पोरं याच गाडीनं मूर्तिजापूरला जात आणि तिथून मुंबई-पुण्याची गाडी धरत. परत येताना क्वचितच कुणी आलं."

यवतमाळला मोठी लाईन यायची आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा २८४ किलोमीटरचा मार्ग बांधला जातोय. त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. लोकांना त्याचा आनंद आहे, मलाही आहे. पण तो मार्ग कारंजा आणि दारव्ह्याच्या जुन्या लाईनीची जागा घेत नाही, याची आठवण सरांनी दोनदा करून दिली.

शुक्रवार, पूर्णेकाठचा खारपाणपट्टा

परत मूर्तिजापूर, आणि तिथून उत्तरेला. हा भाग खारपाणपट्ट्याचा. विहीर खणली तर पाणी खारं लागतं, त्यामुळे ओलितावर भिस्त ठेवता येत नाही. पावसावर कापूस आणि तूर, मागून हरभरा. माती लोण्यासारखी मऊ, काळी. पावसात फुगते, उन्हात हातभर भेगा पडतात. या मातीवर रूळ एका पातळीत ठेवणं हे कायमचं काम होतं. खडी सतत भरावी लागे, गँगमन सतत लागत. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री देखभालीवर पडते. देखभाल कमी झाली की वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी झाला की गिऱ्हाईक जातं. या चक्रातून ती बाहेर आलीच नाही.

लाखपुरीला पूर्णाकाठी थोडा थांबलो. पुढे दर्यापूर, त्याला लागूनच बनोसा, रेल्वेच्या यादीत स्टेशनाचं नाव हेच. त्यानंतर लेहगाव आणि मग कापूसतळणी. गावाच्या नावातच पीक आलेलं बघून मन भरून आलं. इथल्या माणसानं आपल्या गावाची ओळख काय सांगितली असेल, ते नावातच आहे.

अंजनगाव सुर्जीत मुक्काम केला. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला तो इथं. आडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव होऊन काहीच दिवस लोटले होते. आजचं अंजनगाव पानमळ्यांसाठी आणि पानपिंपरीसाठी ओळखलं जातं. नागवेलीच्या मळ्यात शिरलो तर भर दुपारी गार वाटलं. मळेवाल्या दादांनी पान लावून दिलं आणि म्हणाले, "पान टिकत नाई भाऊ. शकुंतलेनं पान पाठवलं असतं तं पोचेपर्यंत पाला झाला असता." म्हणजे मळ्यांचा माल तिच्या वाट्याचा नव्हताच. तिला कापसासारखा सोशिक मालच चालणारा होता. एकाच मालावर उभी असलेली लाईन तो माल गेल्यावर दुसरा धरू शकली नाही, याचं कारण मला पानमळ्यात कळलं.

गाडगेबाबांचं शेंडगाव याच तालुक्यातलं, जन्म १८७६चा. त्यांचं बालपण गेलं ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. या लाईनीच्या दोन टोकांमधला मुलूख त्यांनी रेल्वे येण्याआधीच पायी तुडवला होता.

शनिवार, अचलपूर

पथ्रोट मागे पडलं की सातपुड्याची रांग स्पष्ट होते. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. वेशीचे दरवाजे, दर्गा, अरुंद गल्ल्या. शेजारी परतवाडा, इंग्रजांची छावणी होती ते गाव, आता मेळघाटच्या लाकडाची पेठ. इथं विदर्भ मिल होती. अलीकडे मुंबईची फिनले मिल इथं आणली गेली, तीही बंद पडली. गिरणीच्या कामगारांशी बोलताना जिभेवर शब्द येत नाहीत, म्हणून मी जास्त विचारलं नाही.

स्टेशनाजवळ जुने लोक इंजिनाबद्दल भरभरून बोलतात. झेडडी वर्गाचं, १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९२३ साली इथं कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी उतरलं. सत्तर वर्षं! एका इंजिनाकडून एवढं काम करून घेणाऱ्या फिटरांचं, फायरमनांचं नाव कुठंही कोरलेलं नाही. ते कोरायला हवं होतं. डिझेल आलं तेव्हा लोकांना वाटलं गाडी आता जगली. खरं तर तोवर ती मालापासून पुरती तुटलेली होती.

आता मालकीचा गुंता. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी आणि शेजारच्या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. ही लाईन मात्र कंपनीचीच राहिली आणि करार मुदतीमुदतीनं वाढत गेला. गाडी चालवायची रेल्वेनं, मालकी कंपनीची, आणि वापरापोटी पैसे कंपनीला. स्वतंत्र भारतात ब्रिटिश मालकीची रेल्वे, अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी छापून येते आणि लोक चिडतात. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. रूळ नवे टाकायचे, पूल बळकट करायचे, तर पैसा कुणी घालायचा? मालक म्हणणार चालवणाऱ्यानं, चालवणारा म्हणणार मालकानं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसं इथं झालं. दहाएक वर्षांमागे आधी यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी थांबली. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना रुंदीकरणाला मान्यता मिळाल्याची घोषणा झाली. या भागातल्या लोकांनी शकुंतला वाचवा म्हणून सत्याग्रह केले. अजूनही करतात.

रेल्वेच्या बाजूनंही एक निर्णय झाला होता, त्याची चर्चा फारशी होत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रेल्वेनं सुट्या वाघिणींचा माल घेणं कमी करत आणलं आणि भर दिला पूर्ण मालगाडीवर. कोळसा, सिमेंट, खत, धान्य यांना ते परवडतं. चाळीसेक वाघिणी एका दमात भरतील असा एक जिन वऱ्हाडात नाही. दोन-चार वाघिणींचा धंदा करणाऱ्या माणसाला रेल्वेच्या दारातून परत पाठवलं गेलं. छोट्या लाईनी अशा दोन-चार वाघिणींवरच जगतात.

रविवार, पुलगाव आणि आर्वी

हा तुकडा वेगळा म्हणून शेवटी ठेवला. बडनेऱ्याहून गाडीनं वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. कापडगिरणीचं गाव, आता लष्कराच्या दारूगोळा भांडारासाठी माहीत असलेलं. गिरणी बंद आहे. इथून आर्वीला ३५ किलोमीटर. एसटीत गर्दी होती, उभ्यानंच गेलो.

आर्वीत एका जिनवाल्यांकडे बसलो. इथली लाईन रुंद करून पुढे वरूड आणि आमल्यापर्यंत नेण्याचं घाटतंय, त्याबद्दल त्यांनाच विचारलं. वरूडला नरखेड-अमरावती मार्गावर स्टेशन आहे, नाव वरूड ऑरेंज सिटी. म्हणजे कापसाचा पट्टा आणि संत्र्याचा पट्टा एका लाईनीवर येतील. त्यांनी कागद ओढून गणित मांडायला घेतलं. हंगामात जिनाचा रोजचा माल किती, ट्रकाला भाडं किती, तमिळनाडूतल्या सूतगिरणीपर्यंत पोचायला दिवस किती.

"रेल्वे आली तं आम्ही माल देऊ," ते म्हणाले. "पण आमाले दोन डब्बे पायजेत. ते म्हनतीन चाळीस भरा."

"सगळ्या जिनवाल्यांनी मिळून भरले तर?"

"मंग मालधक्का आर्वीतच पायजे. पुलगावले माल उतरवून चढवाचा असंन तं ट्रकच बरा."

कोपऱ्यात बसलेले त्यांचे वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी मान डोलावली आणि मुलाला म्हणाले, हे लेखी लिही, आर्वीतल्या सगळ्या जिनवाल्यांच्या सह्या घे आणि नागपूरला डीआरएमच्या, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाच्या, हापिसात नेऊन दे. मुलानं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला जिनांची नावं लिहायला सुरुवात केली.